पाळलेला साप आणि शेजारचे घर

सेवाग्रामचा आश्रम पाहायला आलेली माणसे बापूंच्या दफ्तरात शिरली की आधी टेलिफोनपाशी थांबतात. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना बापूंशी तातडीने बोलता यावे म्हणून तो बसवलेला होता. त्याच दफ्तरात साप धरायचा लांब लाकडी चिमटा आणि धरलेला साप ठेवायचा पिंजराही आहे. तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सहलीला आलेले एखादे पोर ‘हे काय आहे?’ म्हणून विचारते, तेवढेच. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा हे शेगाव नावाचे खेडे होते. चारी बाजूंनी शेते, त्यामुळे पावसाळ्यात साप घरात येणे नवलाचे नव्हते. साप मारायचा नाही, चिमट्याने धरून पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा, असा आश्रमाचा रिवाज होता.

हा पिंजरा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पुढे मी स्वतः साप पकडू लागलो. लोक मला सर्पमित्र म्हणतात. प्राणिशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. सापांबद्दल जे काही कळते ते पकडून, वाचून आणि चुकून. त्या चुकांपैकी एक या लेखात पुढे येणार आहे.

लेखाचे निमित्त मात्र वेगळे. यंदा मृग लागता लागता आमच्या ओळखीतला एक मुलगा माझ्याकडे आला. पुण्यात शिकून, काही दिवस नोकरी करून तो वर्ध्याला परतला आहे. येताना त्याने बॉल पायथन जातीचा एक साप आणला होता. गेल्या दिवाळीच्या सुमारास तो त्याने कोणाकडून तरी विकत घेतला. पैसे फोनवरून दिले, पावती नाही. त्याच आठवड्यात मुंबई विमानतळावरची बातमी सगळीकडे आली होती: थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर, कोळ्यासारख्या शेपटीचे ३ शिंगवाले व्हायपर आणि ५ कासवे सापडली. ती वाचून पोरगा घाबरला. ‘काका, माझा तर बिनविषारी आहे. पण मलाही पकडतील का?’ हा त्याचा प्रश्न होता.

त्याला उत्तर देण्यासाठी मी कायदा नीट वाचायला घेतला, आणि वाचता वाचता माझाच प्रश्न बदलला.

आधी सरळ गोष्टी. आपल्याकडचा रानातला कोणताही साप पाळता येत नाही. नाग, घोणस, अजगर, अगदी धामणसुद्धा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. परदेशी जातींबाबत मात्र या कायद्यात फार वर्षे काहीच नव्हते. विमानतळावर सापडला तर सीमाशुल्काचा गुन्हा. एकदा का विमानतळाबाहेर पडला की त्याला विचारणारे कोणी नाही, अशी स्थिती होती. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने एक सूचना काढली: ज्यांच्याकडे असे परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत आपणहून सांगावे, कागद मागितले जाणार नाहीत. मग २०२२ साली कायद्यातच दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. त्यात चौथी अनुसूची नव्याने आली. धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या व्यापाराबाबत साइट्स नावाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे आणि ज्यात भारत १९७६ पासून आहे, त्या कराराच्या याद्यांतले प्राणी या अनुसूचीत घातले. यातला जिवंत प्राणी ज्याच्याकडे असेल त्याने नोंदणी करायची. पिल्ले झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचे. त्याचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला आले. ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने दिले होते. बॉल पायथन साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याची नोंदणी हवीच. आमच्या पोराने साप घेतला तो मुदत उलटून गेल्यावर, आणि कुठून आला हे सांगायला हातात चिटोरेही नाही.

इथवर कायदा स्पष्ट आहे. पण यादीकडे जरा निरखून पाहिले की एक विचित्र गोष्ट दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक पकडले. एकाच पिशवीतले साप. त्यातला बॉल पायथन साइट्सच्या यादीत आहे, अमेरिकेतला कॉर्न स्नेक नाही. कारण त्याची रानातली संख्या चिंतेची नाही. ठीक आहे, कॉर्न स्नेकही बिनविषारी. पण हाच न्याय विषारी सापांना लावून पाहा. आफ्रिकेतला हिरवा मांबा चावला तर माणूस काही तासांत दगावू शकतो. तोही या यादीत नाही, कारण त्याचे रानात बरे चालले आहे. कोळ्याच्या शेपटीचा तो इराणी व्हायपर यादीत आहे. पण तो विषारी आहे म्हणून नाही, दुर्मीळ आहे आणि शौकिनांनी त्याच्यामागे हात धुऊन लागायला सुरुवात केली म्हणून. शास्त्राला त्याची स्वतंत्र ओळख झाली तीच २००६ साली.

म्हणजे आपली चौथी अनुसूची विचारते, ‘या प्राण्याला माणसापासून किती धोका आहे?’ या प्राण्यापासून शेजारच्याला किती धोका आहे, हा प्रश्न तिच्या कक्षेत नाही. अशी यादी करणाऱ्यांची ही चूक म्हणता येणार नाही. साइट्स करार व्यापारासाठी आहे, शेजाऱ्यांसाठी नाही. आपण तीच यादी उचलून घरात प्राणी पाळण्याच्या नियमनाला जोडली, इतकेच.

ब्रिटनचा कायदा याच्या अगदी उलट बाजूने विचार करतो. तिकडे साठ-सत्तरच्या दशकात श्रीमंतांना सिंह-चित्ते पाळण्याची हौस आली होती. त्यातून १९७६ चा धोकादायक वन्य प्राण्यांचा कायदा झाला. त्याच्या यादीत प्राणी दुर्मीळ आहे की मुबलक, हा मुद्दाच नाही. मांबा, नाग, व्हायपर, मगरी यांना स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. परवान्याआधी पशुवैद्य जागा पाहून अहवाल देतो. प्राण्याने तिऱ्हाइताला इजा केली तर भरपाईसाठी मालकाने विमा उतरवलेला असावा लागतो. बॉल पायथन मात्र त्या यादीत नाही. तो पाळायला तिकडे परवाना लागत नाही. आमच्या पोराचा गरीब साप इथे नोंदणीखाली येतो आणि तिथे सुटतो. मांब्याचे बरोबर उलटे. कोणी म्हणेल, मांबा इथे आणणे बेकायदाच आहे, आयातीचा परवाना मिळणारच नाही, मग वेगळा नियम कशाला? बॉल पायथनच्या आयातीलाही परवाना लागतोच की, आणि तरीही तो वर्ध्यात एका कपाटावर येऊन बसला. माणसाला इजा झाल्यावर पोलिसांच्या हाती भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ उरते: प्राण्याबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तोवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

काय होऊन गेलेले असते, हे समजायला सर्पदंशावरचे औषध कसे असते ते पाहावे लागेल. देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यासकांचा अंदाज आहे. आमच्या जिल्ह्यात कापसा-सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या कोणालाही हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. यावरचे एकमेव औषध म्हणजे प्रतिविष. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. आपल्याकडच्या प्रतिविषात चार सापांवरचा उतारा असतो: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यासाठी लागणारे विष तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींची, १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था पुरवत आली आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत जी कुपी फ्रीजमध्ये असते ती या चौघांचीच. एका विषावरचे प्रतिविष दुसऱ्या विषावर चालेलच असे नसते. लांब जायला नको, कोकणातला चापडा आपलाच साप आहे, तरी त्याच्या दंशावर या कुपीचा भरवसा धरता येत नाही. मग इंडोनेशियातल्या व्हायपरचे काय?

यात एक गमतीची, खरे तर कडू गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या मांबा, नाग, व्हायपर अशा सापांवरचे प्रतिविष आपल्या पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात तयार होते. पण ते आफ्रिकेसाठी. वर्ध्यात कोणाच्या फ्लॅटमध्ये मांबा चावला तर रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरने ते कुठून मागवायचे? रोग्याला कोणता साप चावला, हे तरी त्याला खरे सांगितले जाईल का? चोरून आणलेल्या सापाचा मालक आधी ‘रानातला होता’ असेच म्हणेल. मग डॉक्टर चौघांवरच्या कुप्या चढवत राहील. सुरुवातीलाच आठ-दहा लागतात आणि त्या ज्या शेतमजुरासाठी ठेवलेल्या, त्याच्या वाट्यातून जातात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली शहरात २०२१ साली घडलेला प्रसंग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. जून महिन्यात एका घराच्या ओसरीवर पट्टेरी आफ्रिकन नाग निघाला. दोन दिवस वस्ती जीव मुठीत धरून होती, मग तो पकडला गेला. चौकशीत कळले की तो शेजारच्या एका तरुणाचा होता आणि नोव्हेंबर २०२० पासूनच बेपत्ता होता. सात महिने त्याने कोणाला सांगितले नव्हते. दरम्यान मार्चमध्ये त्याच तरुणाला त्याच्याच हिरव्या मांब्याने दंश केला. तेव्हा शेजारच्या राज्यातल्या रिव्हरबँक्स प्राणिसंग्रहालयाने आपल्याजवळचे प्रतिविष पाठवले आणि तो वाचला. त्या राज्याच्या कायद्यात मोजक्याच अटी आहेत: विषारी साप कुलूपबंद आणि न फुटणाऱ्या पेटीत हवा, पेटीवर नाव हवे, दंश झाल्यास काय करायचे ते लिहून ठेवलेले हवे आणि साप निसटला तर ताबडतोब कळवले पाहिजे. त्याच्यावर चाळीसच्या आसपास आरोप ठेवले गेले, त्यात न कळवल्याचाही होता. मला वाटते, आपल्याकडे नियम करायचे झाले तर या शेवटच्या अटीपासून सुरुवात करावी. जन्म, मृत्यू, विक्री कळवा, असे आपण म्हणतो. निसटण्याबाबतही तितक्याच ठळकपणे म्हणायला हवे.

निसटलेला प्राणी चावलाच पाहिजे असेही नाही. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत माणसांनी पाळून सोडलेल्या आणि निसटलेल्या बर्मी अजगरांनी वस्ती केली. आता ते हटवता येत नाहीत. आपल्याकडे मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी, कानामागे लाल पट्टा असलेली अमेरिकन कासवे मोठी झाली की तळ्यात सोडून दिली जातात. २०२२ च्या दुरुस्तीतले कलम ६२-अ अशा उपऱ्या जातींवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला देते. तो किती वापरला जातो ते पाहायचे.

आता पुन्हा गांधीजींकडे येतो. पण सेवाग्रामला नाही, जोहान्सबर्गजवळच्या टॉल्स्टॉय फार्मवर. १९१० साली हर्मन कॅलनबाख या जर्मन ज्यू वास्तुशिल्पी मित्राने आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींना राहायला दिली. तिथे सापांचा सुळसुळाट होता. कॅलनबाख यांनी सापांवरची पुस्तके जमवली, सगळ्यांना साप ओळखायला शिकवले आणि शेवटी फार्मवरच सापडलेला एक मोठा नाग पिंजऱ्यात ठेवून त्याला स्वतःच्या हाताने भरवू लागले. गांधीजींनी ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या मूळ गुजराती पुस्तकात हे सविस्तर लिहिले आहे. त्यांचा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. तुमची मैत्री नागाला कशी कळणार, असे त्यांनी मित्राला विचारले. शिवाय त्या मैत्रीत भीती मिसळलेली आहे, कारण तो मोकळा असता तर त्याच्याशी खेळण्याची हिंमत तुमच्यातही नाही आणि माझ्यातही नाही. कॅलनबाख यांना हे पटले, पण नाग सोडून द्यावा असे लगेच वाटले नाही. गांधीजींनीही आग्रह धरला नाही. आपल्यालाही त्या नागात रस वाटू लागला होता आणि मुलांना तर मजाच वाटत होती, हे त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे. दोन-चार दिवसांनी सकाळी पाहतात तो पिंजरा रिकामा. दार उघडे राहिले की नागानेच उघडले, कळले नाही. फार्मवर लहान मुले होती. सुदैवाने कोणाला काही झाले नाही.

पुढे १९३७ साली आणि पुन्हा १९३९ साली कॅलनबाख भारतात आले, सेवाग्रामलाही राहिले. दफ्तरातला तो पिंजरा पाहून दोघांना फार्मवरचा नाग आठवला असेल का, हा माझा आपला एक चाळा. पिंजरे दोन्हीकडे होते. सेवाग्रामच्या पिंजऱ्यात साप वाटेपुरता असायचा. फार्मवरचा मुक्कामाला होता.

माझा नागही मुक्कामाला होता. १९९५ च्या श्रावणात एका शाळेत नागपंचमीला सापांची माहिती द्यायची म्हणून आठ दिवस आधी धरलेला नाग मी घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. झाकणाला खिळ्याने भोके पाडली होती. कायदा मला माहीत होता. तो आपल्यासाठी नाही, आपण तर सापांचे भले करतो, असे त्या वयात वाटायचे. पाचव्या दिवशी सकाळी ट्रंक रिकामी होती. कडीचा खिळा सैल झाला होता. आम्ही वाड्यात राहायचो, भिंतीला भिंत. शेजारच्या खोलीत काकू, त्यांची सून आणि रांगते बाळ. मी तीन दिवस आतल्या आत शोधत राहिलो. कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर साप पकडायचे बंद झाले असते, वाड्यात शोभा झाली असती, हीच दोन कारणे. चौथ्या दिवशी काकू चुलीसाठी गोवऱ्या काढायला गेल्या आणि ढिगातून फडा उभा राहिला. त्यांनी हात मागे घेतला आणि मलाच हाक मारली. मी धावत गेलो, नाग धरला. फण्याखालच्या जुन्या जखमेमुळे तो माझाच होता याची मला खात्री आहे. वाड्याने माझे कौतुक केले. काकूंनी नारळ दिला. तो मी घेतला.

तीस वर्षांत मी हे कोणाला सांगितले नव्हते. या जूनमध्ये त्या पोराला सांगितले. त्याचा साप बिनविषारी आहे. गुंडाळी करून पडून राहतो, उंदीर खातो. पण तो वीस-तीस वर्षे जगतो, आणि पोराला उद्या हैदराबादला नोकरी लागली तर त्याची आई त्याला हात लावणार नाही. परदेशी पुस्तके पेटी गरम कशी ठेवायची ते शिकवतात. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि वीज गेली की पेटी थंड कशी ठेवायची हाच प्रश्न असतो. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जंतू लहान मुलांपर्यंत पोचतात. अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ सालीच त्यासाठी बंद केली. हे सगळे बोलून झाल्यावर मी त्याला विचारले, ‘वरच्या मजल्यावरच्यांना माहीत आहे का?’ तो म्हणाला, ‘नाही काका. कळलं तर घर खाली करायला लावतील.’

आम्ही दोघे वनविभागाच्या कार्यालयात गेलो. साप कधी, कसा घेतला ते त्याने खरे खरे लिहून दिले. उत्तर यायचे आहे. साप कदाचित जप्त होईल, आणि तसे झाले तर तो देईन म्हणतो. पेटीला आता कुलूप आहे, त्यावर सापाचे नाव, बिनविषारी असल्याची नोंद आणि फोन नंबर चिकटवला आहे. वरच्या मजल्यावर जाऊन सांगायला त्याला आणखी तीन आठवडे लागले. त्यांनी घर खाली करायला लावले नाही. त्यांची मुलगी साप पाहायला आली, आईने तिला दारातच थांबवले.

जाताना त्याने मला विचारले, ‘काका, त्या काकूंना तुम्ही सांगितलंत का?’ काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे पुलगावला असतात. त्यांच्या घरी हा दिवाळी अंक दरवर्षी येतो.